फडामागची वाट आणि कड्यावरची वाट

बेळगावच्या माणसाला ‘कॅम्प’ म्हटले की गर्द झाडीचे रस्ते, कौलारू बंगले, चर्चची घंटा आणि पहाटे धावणाऱ्या जवानांच्या बुटांचा ताल आठवतो. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या या छावणीत १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. छावणी म्हणजे खरे तर तात्पुरता तळ. तंबू ठोकावा, रात्र काढावी, पहाटे पुढे निघावे. पण येथे तात्पुरत्याचेच कायमचे झाले. कॅम्पातली घरे स्थिर राहिली आणि त्यांत राहणारी कुटुंबे मात्र दोन-तीन वर्षांनी बदलीच्या हुकमासरशी बदलत गेली. भटकेपणा आणि स्थैर्य यांचे असे सहजीवन ज्या वस्तीने रोज पाहिले, तिच्यापुढे एक प्रश्न ठेवणे अस्थानी होणार नाही. मुक्काम हलवत राहणे हीच ज्यांची जीवनपद्धती झाली, ती माणसे नेमके काय मिळवतात आणि काय गमावतात?

अशा जीवनपद्धतीची आधुनिक जगातली दोन ठळक उदाहरणे म्हणजे एखाद्या वाद्यवृंदाच्या दौऱ्यामागे गावोगाव फिरणारे रसिक आणि कड्याकपारींच्या शोधात वर्षानुवर्षे हिंडणारे प्रस्तरारोहक. दूरून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच दिसतात. पाठीवर पिशवी, खिशात जेमतेम पैसे, अंगावर विटके कपडे आणि ‘पुढे काय?’ या प्रश्नाला खांदे उडवून दिलेले उत्तर. जवळून पाहिले की साम्य अधिक गहिरे होते आणि भेदही अधिक स्पष्ट होतो.

दौऱ्यामागचे जग

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६५ साली ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा वाद्यवृंद स्थापन झाला. पुढील तीस वर्षांत त्याने सुमारे २,३०० कार्यक्रम केले. त्याच्या चाहत्यांना ‘डेडहेड’ म्हणत. त्यांतील हजारो जण एकेक कार्यक्रम ऐकून घरी परतत नसत; वसंत, उन्हाळा आणि शरद अशा तिन्ही दौऱ्यांत वाद्यवृंदाच्या पाठोपाठ शहरामागून शहर पालथे घालत. या वेडामागे एक साधे कारण होते. हा वाद्यवृंद लागोपाठच्या दोन रात्री तोच कार्यक्रम सादर करीत नसे. गाण्यांचा क्रम बदले, एकाच गाण्याचा विस्तार कधी पाच मिनिटांचा तर कधी अर्ध्या तासाचा होई. आपल्याकडे एकच राग दोन मैफलींत ऐकलेल्या रसिकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. काल ऐकले ते आज ऐकायला मिळणार नाही आणि आज चुकले ते पुन्हा कधीच मिळणार नाही, ही जाणीवच माणसाला पुढच्या गावी नेते.

या फिरस्त्यांचे अर्थकारणही होते. सभागृहाबाहेरच्या वाहनतळावर त्यांचा बाजार भरे. कुणी शिजवलेले अन्न विकी, कुणी गाठी बांधून रंगवलेले कपडे, कुणी मण्यांच्या माळा. त्यातून पुढच्या गावचे इंधन आणि तिकीट निघे. १९८४ पासून वाद्यवृंदाने कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या रसिकांसाठी स्वतंत्र जागाच राखून ठेवली. त्या ध्वनिफिती विकायच्या नाहीत, केवळ परस्परांना द्यायच्या, असा संकेत होता. श्रोताच संगीताचा जतनकर्ता झाला.

गोमंतकीय वाचकाला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. साठ-सत्तरच्या दशकांत हणजुणेच्या किनाऱ्यावर आलेल्या हिप्पींच्या तांड्यांतून, चांदण्या रात्रींच्या मेजवान्यांतून आणि पुढे हातोहात फिरणाऱ्या डिजिटल फितींतून नव्वदच्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ हे नाव जगभर पोहोचले. त्या प्रवाहातील अग्रणी गोवा गिल हा मूळचा सॅन फ्रान्सिस्को परिसरातला होता, म्हणजे ज्या परिसरात ग्रेटफुल डेड रुजले त्याच परिसरातला. हणजुणेचा बुधवारचा बाजार आणि त्या वाद्यवृंदाच्या वाहनतळावरचा बाजार ही एकाच कुळातली भावंडे म्हणावी लागतील.

कड्याखालचे जग

दुसरी वाट कॅलिफोर्नियातीलच योसेमिटी दरीत नेते आणि योगायोग असा की तिथल्या तळाचे नावही ‘कॅम्प’च आहे. कॅम्प फोर म्हणजे धूळ, पाइनची झाडे आणि प्रचंड शिळा यांच्यामधली एक साधी तंबूंची जागा. समोर एल कॅपिटान हा सुमारे ९०० मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा कडा. त्याच्या ‘नोज’ या सोंडेवरची पहिली चढाई वॉरेन हार्डिंग, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर यांनी नोव्हेंबर १९५८ मध्ये पूर्ण केली. त्यासाठी त्यांना सुमारे दीड वर्षाच्या अवधीत विखुरलेले एकूण ४७ दिवस लागले. नोकरी सांभाळून सुट्टीत करण्याचे हे काम नव्हते. त्यातूनच कड्याखाली राहणे हीच जीवनपद्धती मानणारी एक पिढी घडली. वर्षातले काही महिने मिळेल ते काम करायचे आणि उरलेले महिने चढायचे.

त्या पिढीतील इव्हॉन शुइनार्ड मोटारीच्या डिकीतून स्वतः घडवलेल्या लोखंडी मेखा विकून पोट भरीत असे. पुढे त्याच्या ध्यानात आले की मेखा ठोकून-काढून खडकाच्या भेगा कायमच्या विद्रूप होत आहेत. त्याने १९७२ च्या आपल्या विक्रीपत्रिकेत मेखांऐवजी हाताने बसवता-काढता येणाऱ्या पाचरी वापरण्याचा आग्रह धरला. आपल्याच धंद्याच्या मुख्य मालाविरुद्ध केलेला तो प्रचार होता. ज्या गोष्टीवर प्रेम करतो तिलाच आपण झिजवतो आहोत, याची ती कबुली होती. आणि या लेखाच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

आपल्याकडची परंपरा

ही दोन्ही उदाहरणे परदेशी असली, तरी मागोमाग फिरण्याची वृत्ती आपल्या मातीला परकी नाही. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि त्यानंतरची अर्धी-पाऊण शतके नाटक मंडळ्या बिऱ्हाडासह गावोगाव मुक्काम करीत राहिल्या. किर्लोस्कर, गंधर्व, बळवंत या नावांनी ज्यांना झपाटले, अशा रसिकांच्या कथा घराघरांत सांगितल्या जात. मंगेशीच्या दीनानाथांचे गाणे ऐकण्यासाठी घाट उतरणारे-चढणारे लोक हे आपल्या काळाचे डेडहेडच होते. आजही कार्तिकानंतर पेडणे-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यात दशावतारी मंडळ्यांच्या मागे एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जाणारे रसिक भेटतात.

सुराच्या मागे घर सोडण्याचे सर्वांत विलक्षण उदाहरणही याच परिसरातले. गदग भागात वाढलेल्या भीमसेन जोशी यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. खिशात पैसे नसताना रेल्वेने उत्तर हिंदुस्थान पालथा घालून ते परतले आणि अखेर गुरू सापडला तो घराजवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या रूपाने. भटकंतीने त्यांना गाणे दिले नाही. गाण्यासाठी स्थिर बसण्याची तयारी दिली.

वारी हे तर मागोमाग चालण्याचे सर्वांत शिस्तबद्ध रूप. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्यापुढे जे अश्व चालतात, ते चिकोडी भागातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हापासूनचा हा मान आहे. सीमाभागातून ते अश्व आधी आळंदीपर्यंत पायी जातात आणि मग पंढरीची वाट धरतात. प्रत्येक दिंडीचा क्रमांक, तिची वर्गणी, सामानाचा ट्रक, मुक्कामाचे गाव, स्वयंपाकाची पाळी हे सारे ठरलेले असते. स्वयंस्फूर्त वाटणाऱ्या या प्रवाहाखाली व्यवस्थेचा पक्का बांध आहे.

प्रस्तरारोहणाची परंपरा त्या मानाने तरुण आहे. तिच्यासाठी बेळगावचे स्थान मात्र फार मोक्याचे. पश्चिमेला सह्याद्रीचा बसाल्ट, पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या आसपास बदामीचा तांबूस वालुकाश्म आणि त्यापलीकडे हंपीचा ग्रॅनाइट, असे तीन स्वभावांचे खडक एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात येतात. थरांनी बनलेला सह्याद्रीचा खडक अनेक ठिकाणी ठिसूळ असतो. धरलेला दगड हातात येण्याचे भय तेथे असते. बदामीचा वालुकाश्म घट्ट, आडव्या भेगांचा आणि पकडीला उदार. तेथील ‘गणेश’ हा मार्ग फ्रेंच श्रेणीनुसार आठ-ब-अधिक इतका अवघड असून देशातील सर्वांत कठीण मार्गांत गणला जातो. हंपीत दोर न बांधता, खाली गादी अंथरून ठेंगण्या शिळा चढण्याचा प्रकार चालतो. त्याला बोल्डरिंग म्हणतात. ख्यातनाम आरोहक ख्रिस शर्मा याच्या हंपीतील मुक्कामावर २००३ साली एक चित्रपट निघाला. त्याचे नाव, मराठीत सांगायचे तर, ‘तीर्थयात्रा’.

साम्य कोठे, भेद कोठे

दोन्ही जीवनपद्धतींत पंचांग असते. दौऱ्याचे वेळापत्रक वाद्यवृंद ठरवतो, आरोहणाचे सूर्य आणि पाऊस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बदामी-हंपी. ऊन तापले की हिमालयाची वाट. दोन्हींत स्वतःची भाषा, स्वतःचे पोशाख, स्वतःचे दंतकथा झालेले पुरुष आणि स्त्रिया असतात. दोन्हींत अनोळखी माणसाला पहिल्याच रात्री चहा आणि अंथरूण मिळते. दोन्हींत पैसा गौण मानला जातो, पण तो नसल्याची टोचणी कुणालाच चुकत नाही.

खरा भेद आहे तो नावीन्य कोठे शोधायचे यात. रसिक एकाच वाद्यवृंदाकडे रोज परततो, कारण समोरचे रोज बदलते. आरोहक एकाच कड्याकडे पुन्हा पुन्हा परततो, आणि कडा तर तसूभरही बदलत नाही. बदलायचे असते ते त्याने स्वतः. एखाद्या मार्गावर महिनोन्महिने पडून, बोटांची कातडी सोलवटून, अखेर एके सकाळी तो मार्ग न पडता पूर्ण होतो. तेव्हा खडक जिंकलेला नसतो, आपला देह आणि भय यांना थोडे वळण लागलेले असते. लिन हिल हिने १९९३ साली एल कॅपिटानचा ‘नोज’ मार्ग केवळ हातापायांच्या बळावर, दोर फक्त पडल्यास झेलण्यापुरता ठेवून, पूर्ण केला. तोवर स्त्री वा पुरुष कोणालाही ते साधले नव्हते. पस्तीस वर्षांत कडा तोच राहिला होता. माणसाची कल्पना मोठी झाली होती.

दुसरा भेद उत्तरदायित्वाचा. दौऱ्यामागच्या गर्दीत माणूस विरघळतो. तेच त्याचे सुख. एक जण आला नाही तरी मैफल थांबत नाही. कड्यावर मात्र दोराच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो. वरचा चढत असताना खालून दोर सांभाळण्याला आरोहक ‘बिले देणे’ म्हणतात. त्या वेळी त्याचे लक्ष क्षणभर ढळले तर वरच्याच्या जिवावर बेतते. ही मैत्री गाण्यातल्या मैत्रीपेक्षा श्रेष्ठ आहे असे नाही, पण तिची घडण वेगळी आहे. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या गिर्यारोहकांच्या संस्था दरीत अडकलेल्या अनोळखी पर्यटकाला काढण्यासाठी अपरात्री धावून जातात, त्यामागे हीच सवय आहे. दोर कुणाचा आहे हे न विचारता तो धरण्याची सवय.

तिसरा भेद शेवटाचा. ९ ऑगस्ट १९९५ रोजी ग्रेटफुल डेडचा गायक-वादक जेरी गार्सिया मरण पावला आणि तीस वर्षांचा दौरा थांबला. ज्यांचे घरच तो दौरा होता, ते एका दिवसात बेघर झाले. कडा असा मरत नाही. पण आरोहकाचे शरीर मरणाआधीच जुने होते. बोटांचे स्नायुबंध दुखावतात, गुडघे बोलू लागतात. एकाला आराध्य सोडून जाते, दुसरा आराध्याला सोडून जातो.

किंमत कोण मोजतो?

या जीवनपद्धतींचे गोडवे गाताना एक हिशेब सहसा मांडला जात नाही. फिरस्ता पुढे जातो. गाव मागे राहते. १९८७ साली ग्रेटफुल डेडचे एक गाणे लोकप्रियतेच्या यादीत वर चढले आणि त्यांच्या मागे येणारी गर्दी पेलवेनाशी झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत वाद्यवृंदालाच वाहनतळावरील विक्री आणि मुक्काम बंद करावे लागले. जुलै १९९५ मध्ये इंडियाना राज्यातील कार्यक्रमात तिकीट नसलेल्या जमावाने कुंपण पाडले, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला. प्रेम करणाऱ्यांच्या संख्येनेच प्रेमाचा विषय गुदमरला.

आपल्याकडे याचे सर्वांत बोलके उदाहरण हंपीसमोरचे विरुपापूर गड्डी. तुंगभद्रेच्या या बेटावर संगीतप्रेमी भटके आणि प्रस्तरारोहक अक्षरशः एकाच ओसरीवर भेटत. वास्कोहून हावड्याला जाणारी अमरावती एक्स्प्रेस कॅसलरॉक चढून, लोंढ्यावरून होस्पेटला पोहोचते. गोव्याचा किनारा आणि हंपीच्या शिळा यांना जोडणारा तो जणू लोखंडी दोरच होता. दिवसा शिळांवर चढायचे, रात्री नदीकाठी गिटार ऐकायची. या पाहुण्यांच्या आधारावर बेटावर निवासगृहे आणि उपाहारगृहे उभी राहिली. पण हंपी १९८६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे आणि ती बांधकामे संरक्षित क्षेत्रात मोडत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरवणारा निर्णय कायम केला आणि त्यानंतर लवकरच ती जमीनदोस्त झाली. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. वारशाचे रक्षण व्हायलाच हवे. परंतु पाहुण्यांनी पुढच्या हंगामात दुसरा मुक्काम शोधला, आणि ज्यांनी त्यांच्यासाठी खोल्या बांधल्या, त्या स्थानिकांना दुसरे बेट नव्हते. गोव्याच्या किनारपट्टीलाही हा धडा परका नाही.

योसेमिटीच्या कॅम्प फोरची कथा मात्र निराळ्या वळणावर गेली. १९९७ च्या महापुरानंतर त्या परिसरात कर्मचाऱ्यांसाठी इमारती बांधण्याची योजना पुढे आली. तेव्हा टॉम फ्रॉस्ट आणि त्याचे सहकारी आरोहक न्यायालयात गेले. २००३ साली तो धुळीचा तळ अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत समाविष्ट झाला. ज्यांना सारे बेजबाबदार भटके समजत होते, त्यांनी नकाशे, कागदपत्रे आणि साक्षी जमवून आपली जागा राखली. भटक्यांना एखादी जागा आपली म्हणायची असेल, तर तिची जबाबदारीही घ्यावी लागते, एवढाच याचा अर्थ.

परतीची वाट

सीमाभागातल्या तरुणापुढे हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. कॅम्पातला वा निपाणीकडचा एखादा मुलगा, एखादी मुलगी घरी सांगते, की मला वर्षभर खडक चढायचे आहेत, किंवा संगीताच्या मागे फिरायचे आहे. तेव्हा आई-वडिलांच्या चेहऱ्यावर उमटणारी काळजी खोटी नसते. परदेशी भटक्याच्या पाठीशी बहुधा परतीचे तिकीट आणि पुन्हा नोकरी मिळण्याची शाश्वती असते. आपल्याकडे वर्षाचा खंड पडला की स्पर्धा परीक्षेचे वय निघून जाते. मुलीच्या वाट्याला तर मुक्कामाच्या जागेपासून लोकांच्या नजरेपर्यंत जास्तीचे ओझे येते. गरिबी ही ज्याची निवड असते आणि गरिबी ज्याच्या कपाळी असते, त्या दोघांचा तंबू सारखा दिसला तरी झोप सारखी नसते.

तरीही वाटा पूर्वीपेक्षा रुंदावल्या आहेत. दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटपासून उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगपर्यंत रीतसर शिक्षण मिळते. दोरावर लटकून उंच इमारतींची दुरुस्ती, पवनचक्क्यांची देखभाल, शिबिरांतील प्रशिक्षण अशी कामे आरोहकाला पोट देऊ शकतात. २०१६ साली नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा झाली आणि टोकियो ऑलिंपिकपासून क्रीडा आरोहण ऑलिंपिकमध्ये आले. संगीताकडे पाहिले तर ध्वनी-प्रकाश व्यवस्था, रंगमंच उभारणी, ध्वनिमुद्रण यांतून दौऱ्यासोबत सन्मानाने फिरता येते; प्रेक्षक म्हणून नव्हे, तर कारागीर म्हणून.

आणि या दोन्ही जगांना आपल्या परंपरेकडून घेण्यासारखे काही असेल, तर ते वारीकडून. वारकरी घर सोडतो, पण घर मोडत नाही. शेताची कामे मार्गी लावून तो निघतो, ठरलेल्या मुक्कामांवर थांबतो, दिंडीच्या शिस्तीत चालतो आणि एकादशी झाली की परततो. त्याचा भटकेपणा नियतकालिक आहे. म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मात्र वारीच्या मार्गावरच्या गावांनाही मागे राहिलेला कचरा उचलावा लागतो, हे विसरून चालणार नाही. फिरस्त्याची खरी परीक्षा त्याने किती गावे पाहिली किंवा किती कडे चढले यावर होत नाही. मुक्काम हलल्यावर मागे राहिलेल्या जागेला त्याच्या येण्याचे सुख वाटते की जाण्याचे, यावर ती ठरते.